वाचकांचे प्रश्न : मत्स्यालयाची मागची बाजू

मोठ्या मत्स्यालयांविषयी गेल्या अंकात आलेल्या मजकुरानंतर कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, आणि जो विषय मुळापासून समजावून सांगणे गरजेचे वाटले तेथे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई दुबईत असतात. मे महिन्यात नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही तिकडे जाणार आहोत. तेथील मॉलमधले मोठे मत्स्यालय पाहायचे ठरले असून, जादा पैसे भरल्यास मागची बाजू दाखवणारी फेरीही असते, असे जावयांनी कळवले आहे. मासे तर समोरूनच चांगले दिसतात, मग मागे जाऊन पाहण्यासारखे काय असते? ही फेरी घ्यावी का?
— निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : फेरी अवश्य घ्यावी, आणि वेळ जुळत असेल तर समोरून मत्स्यालय पाहण्याच्या आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून आपल्याला मासे दिसतात. मागे गेल्यावर पाण्याची व्यवस्था दिसते, आणि मत्स्यालयात काम करणाऱ्यांचा बहुतेक दिवस पाणी सांभाळण्यातच जातो. दुबईच्या त्या टाकीत सुमारे 1 कोटी लिटर पाणी आहे. हजारो जलचर त्यात श्वास घेतात, खातात आणि उत्सर्जन करतात. तरीही ते पाणी वर्षानुवर्षे नितळ राहते. हे कसे साधते, ते समोर उभे राहून कितीही निरखले तरी कळत नाही.

अशा फेऱ्यांत बहुधा प्रथम जिन्याने टाकीच्या माथ्यावर नेतात. तेथे पोहोचताच दमट हवा, खाऱ्या पाण्याचा वास आणि पंपांची अखंड घरघर जाणवते. खालून अथांग वाटणाऱ्या पाण्यावर दिव्यांच्या रांगा, अरुंद पूल आणि मोठे मासे उचलण्यासाठी लावलेली यारी दिसते. खालून पाहिलेली पाकट जेव्हा आपल्या पायांखालून संथपणे सरकत जाते, तेव्हा तिच्या आकाराचा खरा अंदाज येतो, कारण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळत असल्यामुळे पारदर्शक भिंतीतून मासा प्रत्यक्षापेक्षा जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठा भासत असतो.

मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते ते माशांच्या स्वयंपाकघरात. स्टीलचा ओटा, वजनकाटा, भिंतीवर प्रत्येक टाकीच्या नावासमोर लिहिलेली खाद्याची मात्रा, आणि रात्रभर शीतपेटीत सावकाश वितळवलेले बांगडे, तारली, माकूल व कोळंबी असा तेथील थाट असतो. हे खाद्य माणसांच्या ताटात येणाऱ्या मासळीइतकेच ताजे असावे लागते. कर्मचारी एकेका बांगड्याचा कल्ला उचलून त्याखाली जीवनसत्त्वाची गोळी अलगद बसवतो, कारण काही जातींच्या मासळीत असलेले एक विकर साठवणुकीच्या काळात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते आणि केवळ गोठवलेली मासळी खाणारा प्राणी पोट भरलेले असूनही कुपोषित राहू शकतो. शाकाहारी माशांसाठी समुद्रशैवालाचे पापुद्रे आणि पालेभाजी वेगळी ठेवलेली असते. कोणी किती खाल्ले आणि कोणी घास टाकला, याची रोज नोंद होते. मासा आपले दुखणे सांगू शकत नाही. त्यामुळे टाकलेला घास हीच अनेकदा आजाराची पहिली खूण ठरते.

संधी मिळाली तर विलगीकरणाची खोली दाखवण्याची विनंती करावी. नवीन आलेला मासा थेट प्रदर्शनात सोडत नाहीत. काही आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून परजीवींची तपासणी आणि उपचार करतात. यात एक अडचण अशी असते की, माशांच्या अंगावरील काही परजीवी तांब्याच्या क्षाराने मरतात, पण तेच तांबे प्रवाळ, खेकडे आणि कोळंबी यांच्या जिवावर उठते. म्हणून औषध मुख्य टाकीत टाकता येत नाही. प्रत्येक खोलीची जाळी, बादल्या आणि नळ्या वेगळ्या असतात आणि दाराशी जंतुनाशकात बुडवलेल्या पायपुसणीवरून चालत जावे लागते, ते याचसाठी.

जाण्यापूर्वी मुलांच्या वयाची आणि उंचीची अट विचारून घ्यावी, कारण ती ठिकाणागणिक बदलते. गुडघ्यांचा त्रास असल्यास किती जिने चढावे लागतील हेही विचारावे. जमीन ओली असते, त्यामुळे न घसरणारी पादत्राणे हवीत. टोपी, चष्मा, केसांतील पिना आणि वरच्या खिशातील पेन यांची काळजी घ्यावी; पाण्यात पडलेली लहानशी वस्तूही एखादा मासा गिळू शकतो. खाद्य देण्याची वेळ विचारून त्याच सुमारास फेरी घेतल्यास पैसे सार्थकी लागतात. नातवाला मात्र एकच काम द्यावे. टाकीतून निघणारा एखादा जाड नळ निवडून तो कोठे जातो आणि पाणी परत कोठून येते, याचा माग त्याने काढावा. त्याला पुढील उत्तरही आधी वाचून दाखवावे.

प्रश्न : आपल्याकडून रत्नागिरीचा समुद्र रस्त्याने सुमारे 130 किलोमीटर आहे. तेथून टँकरने पाणी आणून कोल्हापुरात समुद्री माशांचे मोठे मत्स्यालय चालवता येईल का? समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत हे कसे करतात?
— अभियंता, शाहूपुरी

उत्तर : टँकरची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे, पण ती व्यवहारात टिकत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात; बंद अंधाऱ्या टाकीत घाटातून येईपर्यंत त्यांतील बरेच मरतात आणि पाणी बिघडू लागते. शिवाय पावसाळ्यात खाड्यांचे गढूळ, कमी खारट पाणी किनाऱ्याशी मिसळते, म्हणजे ऐन चार महिने भरवशाचे पाणी मिळणार नाही.

दूरच्या शहरांत समुद्राचे पाणी तयारच करतात. अमेरिकेतील अटलांटा शहर समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत आहे; तरीही तेथील जॉर्जिया ॲक्वेरियममध्ये व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासाही ठेवण्यात आला. 2005 मध्ये सुरू झालेल्या या मत्स्यालयाच्या सर्वांत मोठ्या टाकीत सुमारे 2 कोटी 40 लाख लिटर पाणी आहे. नळाचे पाणी घेऊन त्यातील क्लोरीन काढून टाकतात आणि त्यात समुद्री क्षारांचे मिश्रण विरघळवतात. एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने या एका टाकीला आठशे टनांच्या आसपास क्षार लागतात. स्वयंपाकातले मीठ यासाठी चालत नाही. समुद्रातील क्षारांचा सुमारे 85 टक्के भाग सोडियम आणि क्लोराईड यांचा असला, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट यांच्यावाचून समुद्री जीव तग धरत नाहीत.

एवढा खर्च करून तयार केलेले पाणी फेकून देणे परवडत नाही, म्हणून तेच पुन्हापुन्हा शुद्ध करून फिरवतात. वाळूने भरलेल्या मोठ्या बंद पिंपांतून पाणी दाबाने नेले की उरलेले खाद्य आणि विष्ठेचे कण अडकतात. विरघळलेली घाण वाळूत अडकत नाही. तिच्यासाठी उंच नळकांड्यांत पाण्यात हवेचे अत्यंत बारीक बुडबुडे सोडतात. प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि तपकिरी फेस होऊन बाजूच्या नळीने बाहेर पडतात. आपल्याकडे गुऱ्हाळावर भेंडीचा रस टाकल्यावर काहिलीत उकळत्या रसाची मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो, तसेच हे काम आहे. फेरीत या नळकांड्याचा पारदर्शक माथा दाखवायला सांगावे. नितळ दिसणाऱ्या पाण्यातून दिवसाकाठी काय निघते ते त्यात दिसते.

यापुढचे काम जिवाणू करतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि अमोनिया त्यांना विषारी असतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही घातकच असते. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूवर आणि खास भरलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला काही आठवडे लागतात. कितीही पैसा ओतला तरी नवे मत्स्यालय घाईने माशांनी भरता येत नाही, ते यामुळे. कोल्हापुरात घरी काचेची टाकी ठेवणाऱ्या अनेकांचे मासे पहिल्या महिन्यातच मरतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असते. टाकी भरली, दुसऱ्या दिवशी डझनभर मासे सोडले आणि जिवाणूंना वेळच दिला नाही, असे घडते.

पाणी नितळ आणि निर्जंतुक ठेवण्यासाठी ओझोन वायूही वापरतात, पण तो वापरताना फार जपावे लागते. ओझोनमुळे पाण्यातील आयोडीनचे रूप बदलते आणि प्राण्यांना ते नीट मिळत नाही. त्यामुळे मत्स्यालयातील मुशींना (शार्क माशांना) गलगंड झाल्याचे आढळले आहे, आणि म्हणून त्यांच्या खाद्यातून आयोडीन देतात. एक दोष दूर करताना दुसरा कोठून शिरेल याकडे प्रयोगशाळेला रोज लक्ष ठेवावे लागते.

विजेचाही विचार करावा लागतो. पंप थांबले की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो, आणि माशांनी खचाखच भरलेल्या टाकीत त्यानंतर हाताशी थोडाच वेळ उरतो. प्रत्येक मोठ्या मत्स्यालयात जनित्रे तयार असतात ती यासाठी. उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचे रसायन याहून वेगळे नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. मत्स्यालयात ही वेळ येऊ नये म्हणून माणसे रात्रपाळी करतात. नदीलाही तेवढीच दक्षता मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

समुद्रकाठच्या मत्स्यालयांची पद्धत वेगळी असते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे ॲक्वेरियम 1984 मध्ये मासळी डबाबंद करण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागी उभे राहिले. समोरच्या उपसागराचे पाणी तेथे अखंड आत येते. दिवसा लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून ते गाळून घेतात, आणि रात्री न गाळता सोडतात. त्या पाण्याबरोबर सूक्ष्म अन्न आणि अनेक जीवांची पिल्ले आत येतात व खडकांवर आपोआप स्थिरावतात. सुमारे साडेआठ मीटर उंचीच्या टाकीत तेथे केल्प या महाकाय समुद्रशैवालाचे जिवंत वन वाढवले आहे. ते दिवसाला सरासरी दहा सेंटिमीटर वाढते, त्यामुळे पाणबुड्यांना नेमाने छाटणी करावी लागते.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की कोल्हापुरात समुद्री मत्स्यालय तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण मला व्यक्तिशः येथे गोड्या पाण्याचे, सह्याद्रीच्या नद्यांमधील माशांचे मत्स्यालय झालेले अधिक आवडेल. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील महसीर आपल्यापैकी किती जणांनी जिवंत पाहिला आहे?

प्रश्न : एकाच टाकीत मुशी आणि लहान मासे असतात. मुशी त्यांना खात कशा नाहीत?
— इयत्ता नववीतील विद्यार्थी, कागल

उत्तर : भूक नसताना शिकारीवर शक्ती खर्च करणे मुशीला परवडत नाही, म्हणून तिला वेळच्या वेळी आणि पुरेसे खाऊ घालतात. प्रत्येक मुशीला ठरावीक जागी, ठरावीक आकाराची किंवा रंगाची पाटी दाखवून लांब काठीने घास देतात. थोड्याच काळात ती पाटी दिसताच त्या जागी येते. यामुळे कोणी किती खाल्ले हेही कळते. तरीही ही व्यवस्था अचूक नसते. 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथील एका मत्स्यालयात एका मोठ्या मुशीने तिच्याच टाकीतील लहान मुशी गिळली आणि गिळलेल्या मुशीची शेपटी कित्येक तास तिच्या तोंडातून बाहेर दिसत होती. तज्ज्ञांच्या मते तेथे भुकेपेक्षा हद्दीचा वाद कारणीभूत असावा.

प्रश्न : एवढ्या पाण्याचा भार काच कशी सहन करते? ती फुटण्याची भीती नसते का? लहान मुलांना घेऊन बोगद्यातून जावे की नाही, असा प्रश्न पडतो.
— गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : ती बहुधा काच नसते, ॲक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. काच जाड केली की हिरवट दिसू लागते, ॲक्रिलिक मात्र जाड होऊनही स्वच्छ राहते, वजनाने हलके असते आणि त्याचे थर एकमेकांना जोडून एकसंध भिंत करता येते. जपानमधील ओकिनावा येथे 2002 मध्ये उघडलेल्या चुराउमी मत्स्यालयातील मोठ्या भिंतीची रुंदी 22.5 मीटर, उंची 8.2 मीटर आणि जाडी 60 सेंटिमीटर आहे. पाण्याचा दाब टाकी किती लांबरुंद आहे यावर ठरत नाही, तो खोलीवर ठरतो. आठ मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे आठ टनांचा भार येतो आणि जाडी त्याच हिशेबाने, भरपूर वाव ठेवून, ठरवतात.

दुर्घटना कधीच झाली नाही असे म्हणता येणार नाही. बर्लिनमधील एका हॉटेलात असलेली 10 लाख लिटरची दंडगोलाकार टाकी 16 डिसेंबर 2022 रोजी पहाटे फुटली. सुमारे दीड हजार मासे होते, त्यांतील बहुतेक दगावले. पहाटेची वेळ असल्यामुळे दोघे जखमी होण्यावर निभावले. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. मुलांना निश्चिंतपणे न्यावे, फक्त भिंतीवर थापा मारू देऊ नयेत आणि फ्लॅश वापरू नये, कारण पाण्यात हादरे चांगले पोहोचतात आणि माशांना पापण्या मिटून उजेड टाळता येत नाही.

प्रश्न : समुद्रात शेकडो मैल फिरणाऱ्या प्राण्याला टाकीत ठेवणे मला पटत नाही. असे पैसे देऊन पाहायला जाणे म्हणजे या प्रकाराला हातभार लावणे नव्हे काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे आणि ती सोडू नये. अटलांटातील व्हेल शार्क तैवानहून विमानाने आणले होते; त्यांतील दोन 2007 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने मरण पावले. त्या वेळी तैवानमध्ये या माशांची खाण्यासाठी मासेमारी होत असे आणि हे मासे त्याच मासेमारीच्या कोट्यातून घेतले होते, ही दुसरी बाजूही खरी आहे. मात्र तेवढ्याने त्या मृत्यूंचे समाधान होते, असे मला वाटत नाही. माझ्या मते एवढ्या अंतरांवर भटकणाऱ्या प्राण्याला टाकीत ठेवण्याचे समर्थन फार थोड्या परिस्थितींत होऊ शकते. मॉन्टेरे येथे 2004 मध्ये आणलेली पांढरी मुशी 198 दिवस ठेवून तिने टाकीतील इतर मुशींवर हल्ले केल्यावर समुद्रात सोडून दिली, हा संयम मला योग्य वाटतो.

पण सर्व मत्स्यालयांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल. त्याच संस्थेत आईपासून दुरावलेली समुद्री पाणमांजराची पिल्ले प्रौढ माद्यांकडे वाढवायला देतात. माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना हाताळणारे कर्मचारी चेहरा आणि शरीराची आकृती झाकणारा काळा पेहराव घालतात. पिल्ले शंखशिंपले फोडायला त्या माद्यांकडूनच शिकतात आणि नंतर एल्कहॉर्न स्लू या जवळच्या खाडीत सोडली जातात. त्या खाडीतील पाणमांजरांच्या वाढीपैकी अर्ध्याहून अधिक वाढ अशी वाढवलेली पिल्ले आणि त्यांची संतती यांच्यामुळे झाली, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

म्हणून जाणे टाळण्याऐवजी जाऊन विचारावे, असे मी सुचवेन. हा प्राणी कोठून आणला, तो येथे किती वर्षे आहे, त्याच्या जातीची येथे पैदास होते का, आणि गेल्या वर्षी किती प्राणी दगावले, हे मागची बाजू दाखवणाऱ्या मार्गदर्शकाला शांतपणे विचारावे. त्यांतील शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्या ठिकाणावर मी विश्वास ठेवतो. प्रश्न ऐकून विषय बदलला गेला, तर दुसऱ्यांदा तेथे तिकीट काढू नये.

प्रश्न : परदेशी जाणे आम्हाला शक्य नाही. कोल्हापूरजवळ मुलांना दाखवण्याजोगे काही आहे का? आणि मत्स्यालयात काम करायचे असेल तर मुलाने काय शिकावे?
— शेतकरी, पन्हाळा तालुका

उत्तर : आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावे. तेथे कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. आकाराने ते लहान आहे. पण देवमाशाचा प्रचंड सांगाडा, जतन केलेले समुद्री जीव आणि जिवंत मासे एकाच भेटीत पाहायला मिळतात, आणि संशोधन केंद्र असल्यामुळे माहिती विचारायलाही ती योग्य जागा आहे. शाळेची सहल नेणार असाल तर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र आधी पाठवून, पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था मुलांना दाखवता येईल का, हे त्यात आवर्जून विचारावे. सुट्टीचे दिवस आणि वेळ दूरध्वनीवरून पक्की करूनच निघावे.

शिक्षणासाठीही रत्नागिरी सोयीची आहे. शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय असून बारावी विज्ञान शाखेनंतर मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी घेता येते. नागपूर आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. मात्र मोठ्या मत्स्यालयात केवळ मत्स्यशास्त्रज्ञ नसतात. पंप आणि नळजोडणी सांभाळणारे तंत्रज्ञ, पाणी तपासणारे रसायनशास्त्राचे पदवीधर, पशुवैद्य आणि पाणबुडे यांच्यावाचून ते एक दिवसही चालत नाही. मुलाचा ओढा यंत्रांकडे असेल तर आयटीआयमधील पंप किंवा शीतयंत्रांचे शिक्षणही त्याला या कामापर्यंत नेऊ शकते. तोपर्यंत घरी एक मध्यम टाकी घेऊन द्यावी, नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग ते वापरावे, पहिले काही आठवडे तीत दोन-तीनच मासे ठेवावेत, आणि दर आठवड्याला किती पाणी बदलले व माशांनी किती खाल्ले, याची वही त्यानेच लिहावी.